चालवून बघायचा शब्द

माझ्या नणंदबाई इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत काम करतात. मी त्यांना वन्सं म्हणते. हा शब्द आता बोलण्यात राहिलेला नाही असं त्यांच्याच कोशात कंसात छापलंय, म्हणून मी तो मुद्दाम वापरते.

त्यांच्या कचेरीची एक पद्धत आहे. इंग्रजी शब्दाला मराठी शब्द सुचला की तो लगेच कोशात जात नाही. आधी तो ‘चालवून बघायचा’. म्हणजे घरी, दुकानात, बसमध्ये, ज्याला काही माहीत नाही अशा माणसाशी बोलताना तो सहज वाक्यात घालायचा. समोरचा न अडखळता उत्तर देऊन मोकळा झाला तर शब्द पास. त्याने मान वर करून ‘काय?’ म्हटलं की नापास. शिवाय वाक्य खरं हवं. बनवून आणलेल्या वाक्याला कचेरीचा वास येतो, असं तिथल्या मुख्य संपादकांचं म्हणणं. हे गृहस्थ कोशात जागोजाग कंस घालतात, त्यामुळे पाठीमागे त्यांना सगळे कंसमामा म्हणतात. समोर अर्थातच सर.

या पद्धतीचा ताप होतो तो आम्हा घरच्यांना. वन्सं बोलायला लागल्या की त्यातलं आपल्यासाठी किती आणि कोशासाठी किती, ते कळत नाही. एकदा आमच्या बैठकीच्या खोलीत बसून म्हणाल्या, “तुझा हा पडदा डोळ्यांना सुखावह आहे.” मी “काय?” म्हटलं. सुखावह तिथेच गेला. पडदा मी पुढच्या आठवड्यात बदलला, उगाच मनात शंका नको.

यंदा ‘एन’ अक्षर चालू होतं आणि वन्संची गाडी ‘नेसंट’ या शब्दावर येऊन अडली. जे अजून पुरतं झालेलं नाही, पण व्हायला लागलंय, त्याला इंग्रजीत नेसंट म्हणतात. उद्योग नेसंट असतो, लोकशाही नेसंट असते, एखाद्या पोराच्या ओठावरची मिशीही नेसंट असते. मी म्हटलं, सोपं आहे की. वन्सं माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी गप्प बसले.

जुन्या कोशात ‘नवजात’ दिलं होतं. पण नवजात म्हटलं की माणूस पाळणा शोधायला लागतो. वन्संनी बँकेतल्या बाईंना ‘या नवजात उद्योगाला कर्ज मिळेल का’ असं विचारून पाहिलं, तर त्यांनी अभिनंदन केलं. नवजात फक्त रसायनशास्त्रात चालतो. जस्तावर आम्ल ओतलं की जो हायड्रोजन सुटतो, तो सुटतानाच्या क्षणी एकेकटा असतो आणि जवळ येईल त्याला धरतो, असं जुन्या पुस्तकांत लिहितात. पुढच्याच क्षणी दोघांची जोडी जमते आणि तो निवतो. त्याला नवजात हायड्रोजन म्हणतात. वन्संनी हे मला मोठ्या प्रेमाने समजावून सांगितलं. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, हायड्रोजनशी माझं काही देणंघेणं नाही, तरी ऐकून घेतलं.

मग ‘उदयोन्मुख’. माझा भाऊ कॉलेजात असल्यापासून उदयोन्मुख खेळाडू होता. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाही वर्तमानपत्राने त्याला उदयोन्मुखच लिहिलं. ‘नवोदित’ म्हणजे ज्या कवीचं पुस्तक आपल्याला विकत घ्यावं लागतं तो. ‘बाल्यावस्थेतला’ तर सरकारी अहवालातून बाहेरच येत नाही. ‘होऊ घातलेला’ हा बरा होता, पण होऊ घातलेला पूल आणि होऊ घातलेला जावई यांची अजून सुरुवातही झालेली नसते. वन्संना हवं होतं ते सुरू झालेलं, पण अजून हाताला न लागणारं. असं काहीतरी खरंखुरं डोळ्यांसमोर असल्याशिवाय शब्द सुचणार नाही, असं त्या म्हणायच्या.

दुर्दैव असं की तसं काहीतरी त्यांच्याच घरात चालू होतं.

सासऱ्यांची आणि माझ्या नवऱ्याची बोलाचाल बंद होती. आमची मुलगी पहिलीत होती तेव्हापासून. आता ती गाडी चालवते. बापलेक दोघेही लिफ्टचे मेकॅनिक. सासरे एका कंपनीत हेडमेकॅनिक होते आणि नवरा त्यांच्याच हाताखाली शिकला. एका इमारतीत त्यांनी नवी लिफ्ट बसवली. ब्रेक नवऱ्याने लावला आणि पहिल्याच दिवशी लिफ्ट मजल्याच्या चार बोटं वर थांबली. कंपनीचा मालक, रहिवासी, वॉचमन, सगळ्यांदेखत सासरे म्हणाले, “याच्या हाताला अक्कल नाही. याने लावलेल्या ब्रेकवर मी कुत्रंसुद्धा वर पाठवणार नाही.” नवरा एक शब्द न बोलता घरी आला. थोड्याच दिवसांत दुसऱ्या कंपनीत लागला. त्यानंतर कुठे समोरासमोर आले तर दोघे एकमेकांच्या डोक्यामागची भिंत बघत उभे राहायचे.

त्याआधी नवरा घरात काम करताना शीळ घालायचा. ती बंद झाली. मी हे कोणाला कधी बोलले नाही, पण मला त्या शिळेवाचून घर ओकंओकं वाटायचं.

वन्संनी लग्न केलं नाही, त्या सासऱ्यांजवळ राहतात. आमचं घर तिथून दोन गल्ल्या सोडून. या वर्षी सासऱ्यांचे हात कापायला लागले. त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला तेव्हा वन्संनी सरळ भावाला फोन केला. मला वाटलं हा नाही म्हणेल. हा गेला. परत आल्यावर जेवताना एवढंच म्हणाला, “स्टूल घेऊन शेजारी बसले होते. पाना मागायच्या आधीच हातात येत होता.”

“बोलले काही?”

“नाही.”

पुढच्या शनिवारी कपाटाची बिजागरी निखळली. त्याच्या पुढच्या शनिवारी पंख्याचा रेग्युलेटर बिघडला. मग न्हाणीघराची कडी. त्या घरातल्या वस्तूंना एकदम काय झालं म्हणून मी काळजीत पडले, तर नवरा म्हणाला, “बिजागरीचा स्क्रू पडलेला नव्हता, काढलेला होता.”

“कोणी काढला?”

“मला काय माहीत,” तो म्हणाला आणि चेहरा पुसायला टॉवेल घेतला, पण चेहरा कोरडाच होता.

सासऱ्यांच्या हातांना बसवणं जमत नव्हतं, काढणं जमत होतं. आणि आमचे हेही काही साधे नाहीत. दर वेळी एखादं काम अर्धवट ठेवून यायचे. स्विचबोर्डाची पट्टी एकाच स्क्रूवर लोंबकळत ठेवली. का, तर दुसरा स्क्रू आणायचाय. आमच्या घरी त्याच मापाच्या स्क्रूंचा डबा भरलेला आहे. मी विचारलं नाही. सासरे बोलत नव्हते, नवरा बोलत नव्हता, वन्संना आणि मला सगळं दिसत होतं, आणि चौघांची अळीमिळी गुपचिळी. शनिवारी सकाळी पिशवी भरताना नवरा शीळ घालायला लागला होता. मी दुसऱ्या खोलीत उभी राहून ऐकत असे.

मग तो शनिवार आला. सिंकचा पाइप निघाला होता. तो बसवून झाल्यावर नवरा पहिल्यांदाच चहाला थांबला. मीही दुकान बंद करून तिथे गेले होते. टेबलाला आम्ही चौघं. सासऱ्यांनी साखरेचं भांडं बोटाने नवऱ्याकडे सरकवलं. नवऱ्याने साखर घेतली. तो घरी बिनसाखरेचा चहा पितो.

वन्संचा चहा तसाच होता. ‘एन’ अक्षर सोमवारी छपाईला जायचं होतं आणि नेसंट अजून कोराच होता. त्यांनी एकदा वडिलांकडे पाहिलं, एकदा भावाकडे. पडद्याच्या वेळी त्यांच्या डोळ्यांत जे आलं होतं ते मला पुन्हा दिसलं. मी टेबलाखालून त्यांना लाथ मारली. ती टेबलाच्या पायाला लागली.

“बाबांचं आणि याचं आता कुठे जमायला लागलंय,” वन्सं म्हणाल्या. आवाज इतका सहज की कंसमामांनी पाठ थोपटली असती. “आत्ताच त्याला धक्का लागायला नको.”

कोणीही ‘काय?’ म्हटलं नाही. सासऱ्यांनी कप खाली ठेवला.

“माझं कोणाशी बिनसलेलं नव्हतंच,” ते म्हणाले. “जमायचं काय त्यात?”

“नव्हतं?” नवरा म्हणाला. “कुत्रंसुद्धा वर पाठवणार नाही म्हणालात.”

“लिफ्ट चार बोटं वर थांबली होती. मी काय टाळ्या वाजवायच्या होत्या?”

“जमलं नसेल माझ्या हाताला. अक्कल नाही ना त्याला.”

“तेच अजून धरून बसलायस.”

नवरा उठला. मला वाटलं आता दार आपटून जाईल. तसं केलं असतं तर परवडलं असतं. त्याने पिशवी उघडली, खिशातून एक स्क्रू काढला आणि स्विचबोर्डाची पट्टी नीट बसवली. मग न्हाणीघरात जाऊन कडीचा ढिला ठेवलेला नट पिळला. गॅलरीच्या दाराला एक खिळा ठोकायचा राहिला होता, तोही ठोकला. पुन्हा येण्यासाठी म्हणून त्याने जे जे राखून ठेवलं होतं ते सगळं आमच्या डोळ्यांदेखत पुरं केलं आणि पिशवी घेऊन निघून गेला. सासरे खुर्चीत बसून प्रत्येक ठोक्याला पापणी मिटत होते.

मी वन्संना स्वयंपाकघरात गाठलं.

“वन्सं, हे घर आहे. तुमची कचेरी नाही.”

“मला चालवून बघायचं नव्हतं गं,” त्या म्हणाल्या. मग खरं बोलल्या. “थोडं बघायचं होतं. पण नुसतं तेवढंच नव्हतं. मला वाटलं, एकदा बोललं की पक्कं होईल. ज्याला शब्द नाही ते खरंच आहे की आपला भास आहे, मला कळतच नाही.”

“मला कळत होतं. मला दर शनिवारी ऐकू येत होतं.”

त्या रडायला लागल्या. मी इतकी चिडले होते की जवळ घेतलं नाही. ओट्यावर फडका आहे, एवढं सांगितलं.

सोमवारी ‘एन’ छपाईला गेला. नेसंटपुढे वन्संनी ‘नुकता होऊ लागलेला’ असं लिहिलं आणि उदाहरण दिलं हायड्रोजनचं. कंसमामांना ते रुक्ष वाटलं. शब्द घरी चालवून बघितला का, असं त्यांनी विचारलं. वन्सं हो म्हणाल्या आणि पुढच्या शब्दाकडे वळल्या.

आता त्या घरात काहीच मोडेना. शनिवार आला, गेला. नळ कोरडा, बिजागऱ्या घट्ट, पंखा सगळ्या आकड्यांवर फिरतोय. पुढचाही शनिवार तसाच. वन्सं फोनवर म्हणायच्या, “सगळं नीट चाललंय गं,” आणि आवाज असा की घरात कोणी आजारी असावं. सासरे दुपारभर स्टूलावर बसून असायचे. जेवण कमी झालं होतं. इकडे नवरा शनिवारी सकाळी पिशवी झटकून पुन्हा खुंटीला लावायचा. मी एकदा म्हटलं, “तू स्वतः जा ना.” तो म्हणाला, “कशाला? तिथे काही काम नाही.” हा त्याचा स्वभाव बापाकडून आलेला आहे, आणि दोघांनाही त्याचा अभिमान आहे. मला दोघांचा संताप येत होता. आणि भीतीही वाटत होती. सासऱ्यांचं वय झालंय. हे असंच अर्धवट राहून गेलं तर माझा नवरा ते पुढे जन्मभर मनात घेऊन फिरेल, हे मला स्वच्छ दिसत होतं.

एका बुधवारी मला अर्धी सुट्टी होती. सासऱ्यांचा दुरुस्तीला आलेला चष्मा घेऊन मी तिकडे गेले. वन्सं कचेरीत होत्या. सासरे पलंगावर डोळे मिटून पडलेले. मी चष्मा टेबलावर ठेवला, पाय न वाजवता संडासात शिरले, फ्लशच्या टाकीचं झाकण काढलं आणि पर्समधला पेचकस बाहेर काढला. तो चष्म्याचा पेचकस. मूठ माझ्या करंगळीएवढी. त्याने मी आतला एक नट ढिला करायला लागले. नट हलेना. पेचकस निसटला आणि बोटात घुसला.

“काय करतेस, सूनबाई?”

सासरे दारात उभे होते.

“पाणी वाया जातंय का बघत होते, बाबा.”

“जात नाहीये.”

“हो ना.”

त्यांनी माझ्या हातातल्या पेचकसाकडे पाहिलं. त्या क्षणी मला थाप मारायचा कंटाळा आला.

“मोडत होते,” मी म्हटलं. “तो घरात मुकाट बसून असतो. पिशवी काढतो नि परत लावतो. मला बघवत नाही, बाबा. तुम्ही मोडणार नाही, तो येणार नाही, मग मोडायचं कोणी?”

सासरे वळून गेले. मला वाटलं, संपलं. ते स्टूल घेऊन परत आले. दुसऱ्या हातात त्यांचा जुना पाना होता. तो त्यांनी माझ्या हातात दिला आणि स्टूलावर बसले.

“आधी पाणी बंद कर. खाली, भिंतीपाशी. हां. आता तो नट डावीकडे फिरव. दाबून नाही, आटे जातील. ओरबाडलास बघ किती.” त्यांनी नटावरचे ओरखडे पाहून तोंड वाकडं केलं. “मोडायचं तर नीट मोडावं. आत काळा वायसर दिसतोय? तो काढ. उलटा करून बसव. आता पाणी वाहत राहील, पण घरात येणार नाही.”

मी बसवला. त्यांनी वाकून तपासला. बोटं कापत होती, तरी वायसर नखाने एका केसाइतका सरकवून मध्यात आणला. पाणी सुरू केल्यावर टाकी भरली आणि भरतच राहिली. आम्ही दोघं ते बघत उभे होतो.

“फोन तू कर,” सासरे म्हणाले. “मी सांगितलं म्हणू नकोस.”

“नाही म्हणत.”

नवऱ्याला मी घरी आल्यावर सांगितलं, बाबांकडे टाकी वाहतेय. तो म्हणाला, प्लंबर बोलवा. मी म्हटलं, एवढ्याशा कामाला प्लंबर कशाला, नुसता वायसर उलटा बसलाय.

“वायसर उलटा आहे हे तुला काय माहीत?”

त्याने माझ्या बोटावरची पट्टी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी भांडी लावायला लागले. मागे खुंटीवरून पिशवी काढल्याचा आवाज आला. शनिवारची वाट त्याने बघितली नाही.

मी त्याच्या मागोमाग गेले. वन्सं कचेरीतून नुकत्याच आल्या होत्या, खांद्यावरची पर्सही उतरवली नव्हती. त्यांनी तोंड उघडलं. मी नुसतं बघितलं, तशा त्या तोंड मिटून माझ्या शेजारी पॅसेजमध्ये उभ्या राहिल्या. संडासात जागा एका माणसाची. नवरा टाकीवर वाकलेला, सासरे दाराला स्टूल लावून बसलेले.

नवऱ्याने झाकण काढलं आणि बराच वेळ आत बघत राहिला.

“हे ओरखडे कोणाचे?” त्याने विचारलं. कोणाला विचारलं ते स्पष्ट नव्हतं.

“सूनबाईचे,” सासरे म्हणाले.

“आणि वायसर?”

“तोही तिनेच बसवला. मी सांगितलं तसा.”

नवऱ्याने पाणी बंद केलं. नट सोडवला, वायसर काढला, सुलट केला. काम मिनिटभराचं होतं, पण तो ते करत राहिला. नट पुरता घट्ट झाल्यावरही त्याचा हात पान्यावर होता. त्याची पाठ आमच्याकडे होती. मग त्याने पाणी सुरू केलं.

“त्या लिफ्टचा ब्रेक बरोबर होता,” सासरे म्हणाले. “मजल्यावरचा थांबायचा स्विच सरकला होता. मला दुसऱ्या दिवशीच कळलं.”

पाण्याचा आवाज येत होता. नवरा वळला नाही.

“मला त्याच दिवशी माहीत होतं,” तो म्हणाला.

“मग बोलला का नाहीस?”

“तुम्ही बोलाल म्हणून थांबलो.”

सासरे स्टूलाला धरून उठले, एक पाऊल आत टाकलं आणि नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. हात कापत होता. नवऱ्याने तो तसाच कापू दिला. टाकी भरली, पाणी आपोआप थांबलं, तरी तो तिथून हलला नाही.